रविवारच्या पहाऱ्यातलं इंजिन

१४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री कॉव्हेन्ट्रीवर स्वच्छ चांदणं पडलं होतं आणि त्या चांदण्यानेच शहराचा घात केला. संध्याकाळी सातच्या सुमारास जर्मन बाँबफेकी विमानांची पहिली तुकडी आली. त्यानंतर पहाटेपर्यंत विमानं येतच राहिली, सगळी मिळून सुमारे ५००. सेंट मायकेलच्या मध्ययुगीन कॅथेड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. साडेपाचशेच्या वर माणसं मेली. शत्रूने हेच शहर निवडलं याला कारण होतं. इथल्या कारागिरांनी आधी सायकली केल्या, मग मोटारी केल्या. डेमलर, हंबर, स्टँडर्ड, आल्व्हिस, आर्मस्ट्राँग सिडली ही सगळी नावं याच शहरातली. युद्ध पेटल्यावर हेच कारखाने विमानं, त्यांची इंजिनं आणि लष्करी वाहनं तयार करू लागले होते.

आग लावणारा बाँब आकाराने लहान असे. छपरावर पडल्यापासून पहिल्या काही मिनिटांत कोणी त्याच्यावर वाळू टाकली, तर तो तिथेच विझे. कोणाचं लक्ष गेलं नाही, तर अख्खा कारखाना जाई. म्हणून १९४१च्या सुरुवातीपासून ब्रिटिश सरकारने आगीचा पहारा सक्तीचा केला. वाळूच्या बादल्या आणि हातपंप घेऊन कारखान्यातल्या माणसांनी पाळीपाळीने रात्र जागून काढायची. फोलशिल भागातल्या स्वॅलो रोडवर एसएस कार्स या कंपनीचा कारखाना होता. तिथेही अशा पाळ्या लागल्या. त्या लावताना कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांनी एक गोष्ट जाणीवपूर्वक केली. रविवारच्या रात्री पहाऱ्याला ते स्वतः असत आणि त्यांच्याबरोबर तीन इंजिनिअर असत: विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली.

तेव्हा कंपनी सैन्यासाठी साइडकार बनवत होती, विमानांची दुरुस्ती आणि त्यांचे सुटे भाग करत होती. खासगी मोटारींचं उत्पादन बंद होतं. युद्ध कधी संपेल आणि कोण जिंकेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा रात्री ही चार माणसं शांततेच्या काळात विकायच्या मोटारीसाठी इंजिनाचा विचार करत बसली. त्यातून पुढे याच कंपनीचं, म्हणजे नंतरच्या जॅग्वारचं, एक्सके इंजिन आलं. ते १९४८ साली लोकांसमोर आलं आणि १९९२पर्यंत बनत राहिलं. ब्रिटिश मोटारींवर जीव टाकणाऱ्यांमध्ये आजही सर्वांत जास्त बोललं जातं, उघडलं जातं आणि पुन्हा बांधलं जातं ते हेच इंजिन.

एक्सके छपरावर बसून आखलं गेलं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ही दंतकथा सुंदर आहे, पण ती या माणसांच्या कष्टांवर अन्याय करते. त्या रात्रींत दिशा ठरली. त्यानंतर रेखाटनं, नमुने, फसलेले प्रयोग आणि चाचणीच्या बाकावर तासन्‌तास फिरवलेली इंजिनं यांत कित्येक वर्षं गेली. मला त्या रात्रींचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणाने. एरवी मालक आणि इंजिनिअर भेटतात ते हातातल्या अडचणीपुरते. इथे रात्रभर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुढच्या वीस-तीस वर्षांना पुरेल असं काय करावं, हा प्रश्न विचारायला सवड मिळाली आणि उत्तर मान्य करणारा माणूस त्याच खोलीत बसलेला होता.

लायन्स मूळचे ब्लॅकपूलचे. १९२२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी विल्यम वॉम्सली यांच्या भागीदारीत मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. पुढे ते दुसऱ्यांच्या साध्या मोटारींवर देखण्या बॉड्या चढवू लागले आणि १९२८मध्ये बिऱ्हाड कॉव्हेन्ट्रीला हलवलं. लायन्स इंजिनिअर नव्हते. त्यांच्याकडे नजर होती आणि किमतीचा हिशेब होता. १९३५ साली लंडनच्या मेफेअर हॉटेलात त्यांनी विक्रेत्यांना जेवायला बोलावून नवी एसएस जॅग्वार दाखवली आणि तिची किंमत किती असेल, असा अंदाज लिहून मागितला. आलेल्या अंदाजांची सरासरी ६३२ पौंड निघाली. खरी किंमत होती ३८५ पौंड.

पण त्या देखण्या बोनेटखालचं इंजिन परक्याचं होतं. ते स्टँडर्ड मोटर कंपनीकडून येई. हॅरी वेस्लेक या हेड आणि पोर्टांच्या जाणकाराने त्याचे वॉल्व्ह बाजूच्या ब्लॉकमधून वर हेडमध्ये आणून त्याची ताकद वाढवली होती. तरी बोलून चालून ते दुसऱ्याच्या घरचं इंजिन. हेन्स १९३५मध्ये हंबरहून मुख्य इंजिनिअर म्हणून आले, तेव्हापासून ही गोष्ट त्यांना खुपत होती. युद्धाच्या काळात स्टँडर्डचे प्रमुख जॉन ब्लॅक यांनी सहा सिलिंडरच्या इंजिनाची यंत्रसामग्री लायन्सना विकायची तयारी दाखवली. लायन्स यांनी ताबडतोब लॉऱ्या पाठवून सगळी यंत्रं उचलून आणली आणि पैसे चुकते केले. पुढे ब्लॅक यांना तो व्यवहार फिरवावासा वाटला. लायन्स यांनी नकार दिला. त्या यंत्रांमुळे युद्ध संपल्यावर जुनं इंजिन तरी स्वतःच्या आवारात बनवता येणार होतं. नवं मात्र अजून कागदावरही नव्हतं.

पहाऱ्यावरची बाकीची दोन माणसं वेगळ्या मुशीतली होती. वॉल्टर हॅसन कोवळ्या वयात बेंटलीच्या कारखान्यात शिरले आणि शर्यतीच्या गाड्यांवर काम करत मोठे झाले. इंजिन आवाजावरून ओळखणारा हा माणूस. युद्धाच्या मधल्या काळात ते ब्रिस्टल विमान कंपनीत होते आणि नंतर परत आले. क्लॉड बेली मॉरिसच्या इंजिन विभागातून आलेले. रेखाटन आणि मापं ही त्यांची बाजू. हेन्स यांच्या डोक्यात दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचं इंजिन होतं. हॅसन आणि बेली यांना ते फारसं पटत नव्हतं. इतक्या गुंतागुंतीने खर्च आणि आवाज दोन्ही वाढतील, अशी त्यांची धास्ती. ती अगदी रास्त होती. तशी इंजिनं १९१२च्या प्यूजोपासून शर्यतीच्या गाड्यांत होती, मोजक्या महागड्या मोटारींतही होती. पण ती हाताने जुळवलेली, तज्ज्ञ मेकॅनिक लागणारी इंजिनं. डॉक्टरने किंवा वकिलाने रोज दवाखान्यात, कचेरीत घेऊन जायच्या चारदारी गाडीत ती घालायची, हे धाडसच होतं.

लायन्स यांनी कौल हेन्स यांच्या बाजूने दिला. त्यांना ताशी खरोखर १०० मैल जाणारी सलून हवी होती आणि तिचं इंजिन बोनेट उघडताच माणसाने पाहत राहावं असं दिसायला हवं होतं. दिसण्याची अट ऐकून अनेक इंजिनिअर हसतील. मला मात्र वाटतं की या इंजिनाच्या दीर्घायुष्यात त्या अटीचा वाटा आहे. जे सुंदर आहे, ते माणसं निगुतीने सांभाळतात. दोन लांब, चकचकीत पॉलिश केलेली कॅम कव्हरं शेजारी शेजारी धावतात आणि त्यांच्या मधल्या खोलगट भागात स्पार्क प्लग बसतात. ही मांडणी ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही.

कॅम दोन कशासाठी, हे थोडं सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जिथे पेटतं, ती पोकळी हेन्स यांना अर्धगोलाकार हवी होती, देवळाच्या घुमटाच्या आतल्या बाजूसारखी. अशा पोकळीत वॉल्व्हना भरपूर जागा मिळते. आत घेणारा वॉल्व्ह एका उतारावर, बाहेर सोडणारा समोरच्या उतारावर. ताजं मिश्रण एका बाजूने येतं, पेटतं आणि जळका वायू सरळ समोरून निघून जातो. वाटेत वळसे नाहीत. अडचण एवढीच की वॉल्व्ह असे दोन दिशांना कललेले असले की ते एका कॅमशाफ्टने सहजासहजी उघडता येत नाहीत. मग प्रत्येक रांगेच्या डोक्यावर स्वतंत्र कॅमशाफ्ट ठेवायची आणि खालच्या क्रँकशाफ्टपासून साखळीने ती फिरवायची.

ही गुंतागुंत टाळता येते का, हेही त्यांनी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. प्रयोगाच्या इंजिनांना एक्स या अक्षरापासून नावं दिली जात होती. एक्सएफ हे १,३६० सीसीचं छोटं चार सिलिंडरचं इंजिन दोन कॅमचंच होतं. त्यावर कल्पना पडताळली. मग एक्सजीमध्ये स्टँडर्डच्या जुन्या ब्लॉकवर जर्मन बीएमडब्ल्यू ३२८च्या धर्तीचं हेड बसवलं. त्यात एकच कॅमशाफ्ट खाली असते आणि आडव्या-उभ्या दांड्यांनी वॉल्व्ह उघडले जातात. ते इंजिन चाललं, पण त्या दांड्यांची खडखड बड्या सलूनमध्ये बसणाऱ्याला सहन होण्यासारखी नव्हती. तो मार्ग बंद झाला. एक्सजे हे दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मग त्याच घडणीचं, जवळजवळ ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं. हे सहा सिलिंडरचं इंजिन वरच्या फेऱ्यांना छान पळे. खालच्या फेऱ्यांना मात्र, आपले मेकॅनिक म्हणतात तसा, त्याला पिकअप नव्हता. जड गाडी चौथ्या गिअरमध्ये सावकाश चालवताना ओढ लागायला हवी, ती लागत नव्हती. म्हणून पिस्टनचा प्रवास ९८ मिलिमीटरवरून १०६पर्यंत वाढवला. सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटरच राहिला. झालं ३,४४२ सीसीचं एक्सके.

व्यासापेक्षा प्रवास इतका जास्त का, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल, आणि त्याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये जितकं आहे तितकंच ब्रिटिश करखात्यात आहे. १९२१पासून ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर तिच्या हॉर्सपॉवरवर आकारला जाई. ही हॉर्सपॉवर खरी मोजलेली नसे. ती एका सूत्राने काढत, आणि त्या सूत्रात फक्त सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या होती. पिस्टन किती लांब जातो, याला हिशेबात जागाच नव्हती. साहजिकच कारखानदारांनी सिलिंडर अरुंद केले आणि उंच केले. पिस्टनला लांब लांब धावावं लागे, इंजिनं लवकर झिजत आणि परदेशातल्या लांब सरळ रस्त्यांवर सतत वेगात चालवली की दमत. अख्ख्या ब्रिटिश मोटार उद्योगाची घडण या एका सूत्राने वाकडी करून ठेवली, असं माझं स्पष्ट मत आहे. १९४७मध्ये नव्या गाड्यांपुरतं ते सूत्र गेलं. पण एक्सके आखलं गेलं तेव्हा ते डोक्यावर होतंच आणि त्याची खूण इंजिनाच्या अंगावर कायमची राहिली. एक्सके मालकांना प्रिय असलेली ती खालच्या फेऱ्यांतली सलग, मऊ ओढ याच लांब प्रवासाची देणगी.

मात्र त्या लांब प्रवासाचे तोटे हेन्स आणि बेली यांनी डोळ्यांआड केले नाहीत. क्रँकशाफ्टला त्यांनी ७ मेन बेअरिंग दिली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही अंगांना आधार. त्या बेअरिंगांचा व्यास पावणेतीन इंच, जवळजवळ ७० मिलिमीटर. त्या वेळच्या १६० हॉर्सपॉवरला एवढ्या जाडीची गरज नव्हती. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. त्यामुळे वरचा भाग हलका झाला आणि उष्णताही लवकर निघून जाऊ लागली. हेडमधले पोर्ट वेस्लेक यांच्याकडे गेले. मिश्रण सिलिंडरमध्ये शिरताना नुसतं न पडता घुसळत जावं, असा बाक त्यांनी आतल्या वाटेला दिला. १६० हॉर्सपॉवर ही त्या काळी थक्क करणारी गोष्ट होती. जवळजवळ एवढ्याच आकाराचं कंपनीचं जुनं साडेतीन लिटरचं इंजिन १२५च्या आसपास देई.

युद्ध संपत आलं तेव्हा, १९४५च्या मार्चमध्ये, कंपनीने एसएस हे नाव टाकलं. ती दोन अक्षरं आता जगाला हिटलरच्या दलाची आठवण करून देत होती. कंपनी जॅग्वार कार्स झाली. देश विजयी होता आणि कंगालही. पोलाद सरकारच्या हातात, आणि जो माल परदेशी पाठवून डॉलर आणेल त्याला ते आधी. इंजिन तयार होतं, पण ज्या मोठ्या सलूनसाठी ते होतं, तिच्या बॉडीचे साचे तयार नव्हते. १९४८च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्टला युद्धानंतरचं पहिलं मोठं मोटार प्रदर्शन भरणार होतं. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं.

लायन्स यांनी नव्या मार्क फाइव्ह सलूनची चॅसी आखूड करून घेतली आणि तिच्यावर काही आठवड्यांत दोन माणसांची उघडी बॉडी उभी केली. त्यांची पद्धत अशी की कागदावर चित्र काढायचं नाही. कारागिरांना हाताशी घेऊन खऱ्या मापाचा लाकूड-पत्र्याचा नमुना बनवायचा, लांबून पाहायचं, रेघ बदलायला सांगायची, पुन्हा पाहायचं. त्यातून ती लांब बोनेटची, मागे उतरत जाणारी गाडी निघाली. तिचं नाव एक्सके १२०. ताशी १२० मैल जाईल या दाव्यावरून. किंमत कर सोडून ९९८ पौंड. कल्पना अशी होती की इंजिनाची जाहिरात होईल, रस्त्यावर त्याची परीक्षा होईल, आणि २००च्या आसपास गाड्या करून विषय संपेल. म्हणूनच बॉडी ॲशच्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून केलेली होती. प्रदर्शनात त्या गाडीभोवती गर्दी हटेना. मागणी इतकी आली की १९५०पासून पोलादी बॉडीचे साचे करून गाडी नियमित उत्पादनात आणावी लागली. शेवटी १२ हजारांवर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या. सुरुवातीची एक हॉलिवूडचा नट क्लार्क गेबल याने घेतली.

किमतीमुळे लोक चक्रावले आणि त्यातून शंकाही आली. हजार पौंडांच्या आतली गाडी १२० मैल खरंच जाते? ३० मे १९४९ रोजी लायन्स यांनी पत्रकारांना बेल्जियममधल्या याबेके इथल्या नव्याकोऱ्या सरळ महामार्गावर नेलं. कंपनीचा चाचणी-चालक रॉन सटन याने पुढची काच काढलेली गाडी ताशी १३२.६ मैलांनी, म्हणजे २१३ किलोमीटरच्या वेगाने नेली. नंतर तीच गाडी पत्रकारांसमोरून टॉप गिअरमध्ये अगदी संथ चालीने गुरगुरत गेली. मला यातला दुसरा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. वेगवान इंजिनं तेव्हाही होती. जे इंजिन २१३ किलोमीटरने जातं आणि तेच बाजारपेठेतल्या गर्दीत गिअर न बदलता माणसाच्या चालीने येतं, ते नवं होतं.

मग आली सहनशक्तीची परीक्षा. पॅरिसजवळच्या माँलेरीच्या चढत्या कडांच्या वर्तुळाकार ट्रॅकवर १९५०मध्ये लेस्ली जॉन्सन आणि विशीतला स्टर्लिंग मॉस यांनी एक्सके १२० चोवीस तास चालवली. सरासरी ताशी १०७.४६ मैल पडली. आठवडाभर १०० मैलांची सरासरी राखता येईल का, हा विचार मग कोणाच्याही मनात येणारच. १९५२च्या ऑगस्टमध्ये बंद छपराची एक एक्सके १२० घेऊन जॉन्सन, मॉस, बर्ट हॅडली आणि जॅक फेअरमन तिथे उतरले. सात दिवस, सात रात्री. १६,८५१ मैल, म्हणजे २७ हजारांहून जास्त किलोमीटर. सरासरी ताशी १००.३१ मैल. वाटेत मागची स्प्रिंग तुटली, कारण त्या ट्रॅकचं काँक्रीट उखडलेलं होतं. इंजिनाने तक्रार केली नाही. हेन्स आणि बेली यांनी दिलेल्या त्या जाड बेअरिंगांची किंमत अशा ठिकाणी वसूल होते.

ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे इंजिन एकूण पाच वेळा जिंकलं: १९५१, १९५३, १९५५, १९५६, १९५७. आकडे पाठ असणारे पुष्कळ आहेत. मला त्यातल्या दोन-तीन गोष्टीच सांगायच्या आहेत. १९५१मध्ये उतरलेल्या जॅग्वारच्या सी-टाइप या तीन शर्यती गाड्यांपैकी दोन बाद झाल्या त्या तेलाची एक नळी थरथरीने तुटल्यामुळे. तिसरी पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड यांनी पहिली आणली. १९५२मध्ये मर्सिडीजच्या वेगाची धास्ती घेऊन ऐन वेळी गाडीचं नाक बदललं, पाणी थंड करण्याची व्यवस्था बिघडली आणि तिन्ही गाड्या तापून बंद पडल्या. जे सिद्ध झालंय ते घाईत बदलू नये, हे हेन्स यांच्यासारख्या माणसालाही त्या दिवशी नव्याने शिकावं लागलं असेल. १९५३मध्ये डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी १०५.८५ मैलांच्या सरासरीने शर्यत जिंकली. ल मान्सला चोवीस तासांची सरासरी १०० मैलांवर जाण्याची ही पहिलीच वेळ.

१९५५च्या विजयाबद्दल कोणी आनंदाने बोलत नाही. त्या दिवशी एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ८०हून अधिक माणसं मेली. शर्यत थांबवली गेली नाही. माइक हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब यांची डी-टाइप, ही जॅग्वारची पुढची शर्यती गाडी, पहिली आली. इंजिनांच्या इतिहासात रमणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही पानं झटकन उलटू नयेत, असं मला मनापासून वाटतं. वेगाच्या वेडाची किंमत तिकीट काढून उभ्या राहिलेल्या माणसांनी दिली होती.

पुढच्या दोन वर्षी जिंकली ती एकुरी एकॉस ही स्कॉटलंडची खासगी टीम. १९५७मध्ये त्यांच्या गाडीतलं ३.८ लिटरचं एक्सके जवळपास ३०० हॉर्सपॉवर देत होतं. त्या वर्षी डी-टाइप पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आल्या. मुळात १६०साठी बांधलेलं इंजिन नऊ वर्षांत तिथवर गेलं आणि त्याचा पाया तोच राहिला. १९५७चा तो विजय मिळाला कारखान्यावरच्या आपत्तीनंतर चार महिन्यांत. कंपनी आता ब्राउन्स लेनच्या मोठ्या जागेत होती. १२ फेब्रुवारी १९५७च्या संध्याकाळी तिथे आग लागली. रस्त्यावर चालवण्याजोगी केलेली डी-टाइप, म्हणजे एक्सकेएसएस, २५ बनवायच्या होत्या. १६ झाल्या, उरलेल्या ९ त्या आगीमुळे कधी पुऱ्या झाल्याच नाहीत. २०१६मध्ये जॅग्वारने त्या ९ गाड्या पूर्ण करायचं ठरवलं आणि त्यांच्यासाठी एक्सकेचे ब्लॉक आणि हेड नव्याने ओतून घेतले. तेव्हा ही कंपनी टाटांच्या मालकीची होती. २००८मध्ये टाटा मोटर्सने ती फोर्डकडून लँड रोव्हरसह घेतली होती. साठ वर्षांनी जुने ब्लॉक पुन्हा ओतण्याला मालकाचा पाठिंबा लागतो, आणि या वेळी तो मालक मुंबईचा होता.

ज्या सलूनसाठी सगळा खटाटोप होता, ती मार्क सेव्हन १९५०मध्ये आली आणि १०० मैलांचा शब्द तिने पाळला. १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप ही स्पोर्ट्स गाडी आली. माल्कम सेयर या विमानविद्येतून आलेल्या माणसाने हवेच्या गणिताने तिचा आकार काढला होता. दाखवायला एक गाडी पुरेना, तेव्हा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस कॉव्हेन्ट्रीहून रातोरात दुसरी चालवत जिनिव्हाला घेऊन गेला. तिच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी इथे थांबतो. पण ते लांबलचक बोनेट पुढच्या बाजूला पालथं उघडतं, आणि आत काय दिसतं? तेरा वर्षांपूर्वीचंच इंजिन, ३.८ लिटरचं, तीन कार्बुरेटरचं. १९६४मध्ये ते ४.२ लिटरचं झालं, १९६८च्या एक्सजे-सिक्स या सलूनमध्ये गेलं आणि तिथे १९८०च्या दशकातही चाललं.

पहाऱ्यावरच्या माणसांतले हॅसन १९५०मध्ये कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स या दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे त्यांनी सरकारसाठी हलकं इंजिन केलं ते आग विझवायच्या पंपाचं. त्याच कारखान्यातल्या इंजिनांनी १९५९ आणि १९६० साली कूपरच्या गाड्यांना फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवून दिलं. जॅग्वारने १९६३मध्ये ती कंपनीच विकत घेतली आणि हॅसन परत जुन्या माणसांत आले.

एक्सकेला मोटारीबाहेरही काम मिळालं. ४.२ लिटरचं इंजिन थोडं सौम्य करून आल्व्हिसने स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यात बसवलं. १९८२मध्ये फॉकलंड बेटांच्या चिखलात ब्रिटिश सैन्याने नेलेले रणगाडे हेच. डेनिसच्या अग्निशामक गाड्यांनाही ते लागलं. सर्वांत शेवटी ते राहिलं डेमलरच्या डीएस ४२० या लांबलचक लिमोझिनमध्ये. राजघराणी, महापौर, लग्नं आणि अंत्ययात्रा यांची ती गाडी. १९९२मध्ये ती बंद झाली आणि त्याबरोबर इंजिनही.

आज हे इंजिन बाळगणाऱ्याला काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. जॅग्वारने सिलिंडर मागून पुढे मोजले, म्हणून पहिला सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूचा. इतर गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक इथे टायमिंग लावताना हमखास उलटा जातो. मागच्या मेन बेअरिंगच्या सीलमधून तेलाचा थेंब येतोच. त्याच्याशी भांडण्यापेक्षा खाली ट्रे ठेवणारे मालक जास्त सुखी असतात. उकाड्यात, सिग्नलच्या रांगेत इंजिन तापतं. वॉल्व्हचं अंतर स्क्रू फिरवून लावता येत नाही. कॅम आणि वॉल्व्हच्या मधे टोपीसारखा टॅपेट असतो आणि त्याखाली पातळ पोलादी चकती, म्हणजे शिम. बाराही वॉल्व्हचं अंतर मोजून लिहून ठेवायचं, कॅमशाफ्ट उतरवायच्या, प्रत्येक ठिकाणी किती जाडीची शिम लागेल याचा हिशेब करायचा, बसवायच्या, पुन्हा मोजायचं. घाईच्या माणसाचं हे काम नाही. पण एकदा नीट लावलेलं अंतर हजारो मैल हलत नाही, कारण टॅपेट आणि कॅम दोन्ही तेलात पोहत असतात.

इंजिन पूर्ण बांधून झालं की दोन्ही कॅम कव्हरं पॉलिश करून बसवतात आणि घुमटी नट हाताने बसतील तेवढे बसवून मगच पाना लावतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर जाणकार माणूस एक्झॉस्टकडे जात नाही, पुढच्या टोकाला उभा राहून साखळी ऐकतो. वरच्या साखळीची कुरकुर बाहेरून सावरता येते. खालच्या साखळीची खडखड ऐकू आली, तर तिथवर पोचायला हेड आणि सम्प दोन्ही पुन्हा उतरवावे लागतात, आणि ते उतरवलेलेच बरे.